पाणी शिंपडलेली हराळी

आमच्या परतूरच्या घराच्या मागं एक जिनिंग होती. कापसाच्या हंगामात तिचा घुमारा सकाळी सुरू व्हायचा आणि घरातली भांडी दिवसभर बारीक थरथरत राहायची. फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं किणकिणायची. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे, ते मायच्या केसांत, ओल्या धुण्यावर आणि उघड्या राहिलेल्या आमटीवर बसायचे. माय येसराची आमटी करायची, दाट आणि तिखट, आणि वाढताना बोटानं वरचा तंतू उचलून बाजूला टाकायची. दुपारी जिनिंग थांबली की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. त्या बहिऱ्या वेळात आम्ही सगळे मागच्या खोलीकडं कान देऊन असायचो, कारण मागच्या खोलीत अक्का बसलेली असायची, आणि तिथून काहीच ऐकू यायचं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला तिकडं भोकरदनच्या बाजूला, धावड्याला दिलं होतं. पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं अक्का बाळ घेऊन सासरी गेली आणि चौथ्या महिन्यात बाळ गेलं. रोज थोडं थोडं वाळत गेलं, एवढंच आम्हाला कळलं. महिन्याभरानं मेव्हणे अक्काला एका पिशवीसह आमच्या दारात सोडायला आले. माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो त्यांनी घेतला नाही. अंगणात उभं राहूनच बोलले, "आमची माय म्हणती, हिच्या हाताला जीव टिकत न्हाई. राहू द्या काही दिवस तुमच्याकडंच." अक्का तेव्हा उंबऱ्यात होती. तिनं ते ऐकलं. मग आत जाऊन ज्वारीच्या कणगीला टेकून बसली आणि तिथंच बसून राहिली. सकाळ-संध्याकाळ माय आम्हाला बाहेर काढून तिच्या छातीला घट्ट फडकं बांधायची. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. माझं लग्न होऊन मूल झाल्यावर एके दिवशी अचानक कळला, आणि मी ताटावरून उठलो.

आमचे आबा बैलबाजारात दलाल होते. बैलाच्या ओठाखाली अंगठा घालून क्षणात तोंड उघडायचे आणि दोन दाती, चार दाती, जुळलेला, दातांवरून जे वय असेल ते सांगून मोकळे व्हायचे. त्यांच्या शब्दावर आसपासच्या गावांतली माणसं जनावर घ्यायची. पण मेव्हणे परत गेले त्या दिवसापासून आबा मागच्या खोलीत गेले नाहीत. ओसरीत जेवायचे, ओसरीत झोपायचे. मायला विचारायचे, "जेवली का?" माय म्हणायची, "दोन घास." त्यावर ते पटक्याचा शेव तोंडावरून फिरवायचे आणि बाजाराच्या दिशेनं निघून जायचे.

आमच्या गल्लीला बांगड्या भरायला रजियाखाला यायची. मनियार गल्लीतली, पान खाऊन ओठ लाल झालेली, हसरी बाई. एका दुपारी ती डोक्यावर टोपली घेऊन आली, पण टोपलीत बांगड्या नव्हत्या. फडक्याखाली सशाचं एक पांढरं पिल्लू होतं, कान पाठीवर टाकून बसलेलं. खाला सरळ मागच्या खोलीत गेली आणि ते अक्काच्या ओटीत ठेवून म्हणाली, "हमारे घर में पाँच पाँच हो गए बेटी, बिल्ली एक एक उठा को ले जाती. इसकू तू संभाल. बोलना नक्को किसी से, रोना बी नक्को, सिरफ संभाल." माय दारात उभी होती. तिला ते आवडलं नसावं. अक्कानं बराच वेळ हात लावला नाही. मग पिल्लू थरथरायला लागलं तेव्हा तिनं पदर त्याच्यावर ओढला आणि किती तरी दिवसांनी बोलली, "बोंडासारखं हाय." कापसाचं बोंड फुटल्यासारखं. त्याचं नाव बोंड्या पडलं.

त्या दिवसापासून घराची घडी जरा बसली. माय भाकरी आणून द्यायची. अक्का तिचे दोन भाग करायची, मऊ भाग बोंड्याला, कडक भाग स्वतःला. बोंड्या खायला लागला की ती खायची. तो थांबला की तीही थांबायची. मायनं हे ओळखलं आणि भाकरीचा आकार वाढवला. मी चहाच्या खोक्याला जाळी ठोकून पिंजरा केला. आणि अक्कानं मला एक काम लावून दिलं. जिनिंगच्या कुंपणाच्या आत पाण्याची एक टाकी गळायची, तिच्या कडेनं भर उन्हाळ्यातही हराळी हिरवीगार असायची. शाळा सुटल्यावर विळा घेऊन जायचं आणि रोज एक पेंढी कापून आणायची. एवढंच काम. अक्का तेव्हा घराबाहेर पडत नव्हती, गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून तिच्याकडं बघायच्या म्हणून. तिनं स्वतः मला सांगितलं होतं, "दत्ता, तेवढं हिरवं तू बघ. बाकी मी बघते."

मला आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं फिरवून फिरवून सांगत आलो. माझ्या बायकोला सांगितलं तेव्हाही अर्धंच सांगितलं. त्या टाकीच्या समोरच्या मोकळ्या जागेत आम्ही पोरं क्रिकेट खेळायचो. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस मी खेळून झाल्यावर गवत कापलं. मग कापायचा कंटाळा यायला लागला. चेंडू त्याच हराळीत जायचा. मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती हराळी चाचपायचो, चेंडू शोधायचो, आणि उठून पुन्हा खेळायला पळायचो. एक पेंढी कापली की ती मी चार दिवस पुरवायला लागलो. संध्याकाळी घरी येताना रांजणापाशी थांबायचो, कालची वाळत चाललेली पेंढी हातात धरून तिच्यावर पाणी शिंपडायचो, झटकायचो आणि आत घेऊन जायचो. ओली दिसली की ताजी वाटायची. चार काड्या पिंजऱ्यात टाकायच्या आणि उरलेली पुन्हा गोठ्यात लपवायची. त्याचं पोट भरावं म्हणून म्हशीच्या घमेल्यातली भिजवलेली सरकीची पेंड मूठभर उचलून द्यायची. पेंड तो आवडीनं खायचा. अक्का विचारायची, "आणलं का रे हिरवं?" मी म्हणायचो, "आणतो की, रोज."

असं चार महिने चाललं.

बोंड्या वाळतोय हे आधी कुणालाच कळलं नाही. अंगावर एवढे केस, की बाहेरून तो गुबगुबीतच दिसायचा. हंगाम संपून जिनिंग बंद झाली, ऊन चढायला लागलं, आणि एक दिवस अक्का मायला म्हणाली, "ह्याचं अंग हाताला लागंना." मी त्याला पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या लक्ष्मणशेठच्या दुकानात नेलं. शेठनं तराजूत घातला आणि विचारलं, "काय रे, पाळायचा का शिजवायचा?" मी म्हणालो, "शेठ, अक्काचा हाय." तो लगेच काळजीनं वजनं लावायला लागला. दिवाळीत आम्ही गंमत म्हणून तोलला होता तेव्हा पावणेदोन किलो भरला होता. आता तो सव्वा किलोला आला होता.

मग घरातल्या प्रत्येकाला उपाय सुचला. आमचं गाव कापसाचं. जनावर रोडावलं की पेंड वाढवायची, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक. माय म्हणाली, "म्हैस कशी भरली बघ दोन महिन्यांत. ह्यालाबी पेंड वाढव, गूळ घाल वरून." पेंड वाढवली. गूळ घातला. शेजारणीनं दूध सांगितलं, तेही दिलं. बोंड्याला ढाळ लागली. त्याच्या मागच्या पायांचे पांढरे केस पिवळे पडून चिकटले. अक्का कोमट पाण्यात फडकं बुडवून ते पुसायची, तेव्हा तिचं तोंड मला बघवायचं नाही, कारण तसंच ती कधीतरी बाळाचंही करत असणार. हळूहळू त्यानं भाकरी सोडली. तुकडा तोंडात धरायचा, हलवायचा आणि खाली टाकायचा. हनुवटी सतत ओली असायची. अक्का तो पडलेला तुकडा उचलून बघायची आणि स्वतःची अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवायची. माय चुलीपाशी बसून रडायची. म्हणायची, "आता ह्याच्याबराबर हीबी जाती माझी."

मला कळत होतं. हराळीचं कारण असेल हे नक्की कळत नव्हतं, पण मी खोटं बोलतोय आणि बोंड्या वाळतोय या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या मला रोज दिसत होत्या. मी पुन्हा गवत आणायला लागलो, रोज, खेळ सोडून, हात कापेपर्यंत. आता तो ते खात नव्हता. ताजी, लुसलुशीत हराळी पिंजऱ्यात पडून वाळून जायची.

एका बाजाराच्या दिवशी आबा लवकर घरी आले. माय त्यांना ओसरीत म्हणाली, "तुम्ही शंभर जनावरं बघता. घरातलं एक बघा." आबांनी पटका काढून बाजूला ठेवला. मग उठले आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. अक्कानं मान वर केली. सहा महिन्यांत बापलेक समोरासमोर आले नव्हते. आबा तिच्यापुढं मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण हिकडं." त्यांनी बोंड्याला धोतराच्या खळग्यात घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. "डोळ्यानं बघून राह्यले तुम्ही," ते म्हणाले. "हातानं बघा. हे पाठीचे मणी बघ कसे लागतेत. केसांखाली काहीच उरलं न्हाई." आणि मग, बाजारातल्या सवयीनं असेल, त्यांनी अंगठा त्याच्या ओठाखाली घातला. ते एकदम थांबले.

"ह्याचे दात बघितले का कुणी?"

आम्ही वाकून बघितलं. खालचे पुढचे दोन दात वाढून बाहेर वळले होते आणि वरचे आत, जिभेकडं. तोंड मिटतच नव्हतं. त्याला भूक होती, पण चावायची सोय राहिली नव्हती. घरात पिढीजात दात बघणारा माणूस असून चार महिने आमच्यातल्या कुणीही त्या मुक्या जीवाचं तोंड उघडून बघितलं नव्हतं. आबा त्याला तसाच फडक्यात गुंडाळायला सांगून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी मागून गेलो. तिथल्या कंपाउंडरनं बारीक पकडीनं थोडं थोडं करून दात कापले. टक् असा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला आबांचा खांदा हलायचा. कंपाउंडर म्हणाला, "सशाचे दात जन्मभर वाढतच राहत्यात, मामा. गवत-कडबा चावून चावून झिजले पाहिजेत. ह्याला कुणीतरी निव्वळ मऊ चारलं. गोडधोड, पेंड सगळी बंद करा. तोंड दुखंल, दोन दिवस खाणार न्हाई. पण उपाशी ठेवू नका, सशाचं आतडं थांबलं की संपलं. हिरवा पाला वाटून पिचकारीनं पाजा, आन् हातानं गवत दाखवत राहा." त्यानं सुई काढलेली एक पिचकारी दिली.

घरी आल्यावर आबांनी ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मऊ चारलं" हे शब्द ऐकल्याबरोबर मायनं कपाळावर हात मारला आणि अक्काकडं वळली. माझी माय वाईट नव्हती. ती घाबरलेली होती, सहा महिने घाबरलेलीच होती, आणि ते सगळं एकदम तिच्या तोंडातून बाहेर पडलं. "तुझीच भाकरी! रोज मऊ काढून काढून घातलीस त्याला. कितीदा म्हणलं, जनावराला जनावरासारखं ठेव. बघ काय केलंस." आबांनी विचारलं, "आन् हिरवं? गवत कोण आणत होतं?"

मी दारात उभा होतो. म्हणालो, "मी. आणतो की, रोज."

अक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. ती आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती. मग तिनं ते हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "बराबर हाय. माझ्या हाताला न्हाईच टिकत." आणि कणगीकडं सरकून भिंतीकडं तोंड करून बसली.

त्यानंतरचे तीन दिवस. पाला वाटायचं काम माझ्याकडं आलं. मेथी आणि कोथिंबीर पाट्यावर वाटायची, पाणी घालायचं, फडक्यातून गाळायचं, पिचकारीत भरायचं. बोंड्या माझ्या हातात झगडायचा. मागच्या पायांनी माझ्या मनगटावर ओरखडे काढायचा, अर्धं हिरवं पाणी त्याच्या छातीवर सांडायचं. गवताची काडी त्याच्या नाकाशी धरली की तोंड फिरवून कोपऱ्यात जायचा. माय बसायची, तिच्याकडंही तेच. तो सारखा अक्काच्या बाजूला जाळीला नाक लावून बसायचा. "अक्का, तू धर ना," मी म्हणायचो. "तुझ्या हातानं खाईल." ती भिंतीकडंच बघून म्हणायची, "नको. मी हात लावला की जाईल." तिनं स्वतःही ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी आबा बाजारात गेले नाहीत. दारात बसून म्हणाले, "सुमन, माझं ऐक गं." ती ऐकत होती की नाही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पुन्हा दुकानात नेला. शेठनं एक किलोचं वजन ठेवलं आणि बोंड्याचं पारडं वर गेलं. त्यानं वजन उतरवलं, छोटी वजनं काढली, पण मी म्हणालो, "राहू द्या, शेठ." किती ते मला ऐकायचं नव्हतं.

वाटेत मी टाकीपाशी थांबलो. पोरं खेळत होती, कुणीतरी हाक मारली. मी तिथंच हराळीत बसलो, मांडीवर पिशवी, पिशवीत तो. त्याचं काळीज माझ्या मांडीवर फडफडत होतं. आणि मला स्वच्छ कळलं की तो मेला तर अक्काला तिच्या सासूचं म्हणणं जन्मभर खरं वाटणार, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे.

दुपारी माय धुण्याला गेली होती, जिनिंग बंद, घर बहिरं. मी अक्काच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि तिच्या पाठीलाच सांगितलं. पेंढी चार दिवस पुरवायचो ते सांगितलं. रांजणातलं पाणी शिंपडायचो ते सांगितलं. घमेल्यातली पेंड सांगितली. चेंडू सांगितला. माझा आवाज इतका बारीक झाला होता की शेवटचं मलाच ऐकू आलं नाही. अक्का वळली.

"काय म्हणलास?"

"तुझी भाकरी न्हाई गं. मी गवत आणलंच न्हाई. चार महिने न्हाई आणलं."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. अक्कानं मला तोवर कधी मारलं नव्हतं. एवढ्या वाळलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे, मी कणगीवर जाऊन आदळलो. "तीन दिवस!" ती ओरडली. "तीन दिवस मी हात लावला न्हाई रे त्याला! तू बघत बसलास!" सहा महिन्यांत त्या खोलीतून आलेला तो पहिला मोठा आवाज. शेजारची बाई परड्यात येऊन उभी राहिली. अक्का तिच्याकडं बघून म्हणाली, "काय हाय? बघायला आलीस?" ती बिचारी आत पळाली. मग अक्कानं डोळे पुसले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "विळा कुठंय?"

ती चपला न घालताच निघाली. भर उन्हात, मधल्या रस्त्यानं, सगळ्या दारांसमोरून. मी मागून पळत होतो. मैदानातल्या पोरांनी तिला बघून खेळ थांबवला. तिनं टाकीच्या कडेला बसून हराळी मुळापासून कापली, जून, कडक काड्या निवडून निवडून, आणि ओटीत भरून आणली. पिंजरा उघडला, बोंड्याला बाहेर काढून पुढ्यात ठेवलं आणि एक काडी त्याच्या नाकापुढं धरली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. ती हलली नाही. उन्हं भिंतीवरून खाली आली, माय धुणं घेऊन परत आली, दारात थबकली, आबा तिच्यामागं येऊन उभे राहिले, आणि अक्काचा हात तसाच पुढं होता, घामानं काडी बोटाला चिकटलेली. मग बोंड्यानं काडीचं टोक तोंडाच्या कडेला घेतलं आणि ती आत सरकायला लागली. एवढीशी, मग थांबली, मग पुन्हा एवढीशी. कुरकुर असा आवाज येत होता. आम्ही चौघं श्वास धरून तो ऐकत होतो.

एका काडीनं काही होत नाही. ती संध्याकाळ आणि दुसरा दिवस तसाच टांगलेला गेला. त्याच्या पुढच्या सकाळी अक्कानं मोठ्यानं हाक मारली, "माय, जल्दी ये!" माय हातातली परात टाकून धावली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चार गोल, कोरड्या लेंड्या पडल्या होत्या. अक्का हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. माय म्हणाली, "लेंड्या बघून हसणारी पोरगी मी आजच बघितली बाई," आणि तिथंच बसून स्वतःही हसायला लागली. त्या दिवशी अक्कानं दोन भाकरी खाल्ल्या. कडक भाग आणि मऊ भाग, दोन्ही.

भरायला त्याला पावसाळा उजाडला. पेंड पुन्हा दिली नाही. सुकं गवत, कडब्याची पानं, हराळी, चिमूटभर हरभरे. दुपारी खोक्यावर ओलं पोतं. आबा रोज बाजारातून आले की आधी मागच्या खोलीत जायचे, हात धुवायच्या आधीच, आणि पाठीवरून बोटं फिरवून सांगायचे, "मणी बुजायला लागले." अक्काही चाचपून बघायची आणि म्हणायची, "अजून न्हाई, आबा. तुम्हाला गिऱ्हाइकाला सांगायची सवय." दोन वेळा दात पुन्हा कापावे लागले, मग नाही. एका सकाळी अक्का स्वतः त्याला काखेत मारून लक्ष्मणशेठच्या दुकानात गेली. शेठनं किलोचं वजन ठेवलं, अर्ध्या किलोचं ठेवलं, बोंड्याचं पारडं खालीच. पाव ठेवलं तेव्हा काटा मधे आला. शेठ म्हणाला, "बाई, आता शिजवायला झाला." अक्का म्हणाली, "शेठ, आधी तुमचं पोट तोला." दुकानातली माणसं हसली. ती तशीच मधल्या रस्त्यानं परत आली.

मी जे केलं ते तिनं मायला कधी सांगितलं नाही. मीही नाही. माय जाईपर्यंत कौतुकानं आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुमननं मऊ चारून चारून ससा मारलाच होता, पण मंग तिनंच वाचवला." अक्का ते ऐकून गप्प बसायची. आणि एक गोष्ट मी अक्कालाही सांगितली नाही. माय तिच्यावर ओरडली तेव्हा, दारात उभा असताना, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हलकं वाटलं होतं. मी त्या संध्याकाळी खेळायला गेलो होतो. थोबाडीत बसली ती हराळीसाठी. ह्याची अजून बसायची आहे.

अक्का परत धावड्याला गेली नाही. पुढं शिकली, अंगणवाडीत लागली, आणि परतूरजवळच्याच एका गावात तिनं वीस वर्षं लोकांची लेकरं तोलली. काही वर्षांपूर्वी मी तिला भेटायला गेलो होतो. वजनाचा दिवस होता. आढ्याला काटा टांगलेला, त्याला झोळी, झोळीत एक दीड वर्षाचं पोर, ज्याच्या मांडीची कातडी सैल लोंबत होती. त्याची आई अठरा-एकोणीस वर्षांची असेल, मान खाली घालून उभी. सासू बोलत होती, "हिलाच नीट चारता येत न्हाई, ताई. हिच्या हाताला गुणच न्हाई." अक्कानं काटा बघितला, वहीत लिहिलं, पोराला मांडीवर घेतलं आणि आधी अंगठ्यानं त्याचा ओठ वर करून तोंड बघितलं. मग पाठीवरून हात फिरवला. सासूला काही बोलली नाही. त्या पोरीलाही काही विचारलं नाही. पोराचा बाप दाराबाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता. अक्कानं त्याला हाक मारली.

"इकडं या. घरात लेकराला तुम्ही काय आणता?"

तो हसला. "आणतो की, ताई. रोज."

"काय आणता ते सांगा," अक्का म्हणाली. "एकेक सांगा. मला घाई न्हाई."

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला, एक पुरुष म्हणून मी काही मदत करीन अशा आशेनं. मी जमिनीकडं बघत होतो. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. पोराच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता, मणी मोजत, आणि ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती.